राखेच्या थरावरून ठरलेले खडकाचे वय

सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी मारिनोअन हिमयुग संपले, तेव्हा विषुववृत्ताजवळच्या समुद्रांपर्यंत पसरलेला बर्फ वितळला आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांवर डोलोमाइट व चुनखडक यांचा, म्हणजेच कार्बोनेट खडकांचा, थर साचला. हिमयुगात ज्वालामुखींतून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत साठत गेला, त्यामुळे वाढलेल्या उष्णतेने बर्फ वितळल्यावर आम्लयुक्त पावसाने उघडे पडलेले खडक झिजवले आणि त्यांतून सुटलेले क्षार समुद्रात पोचून हा थर तयार झाला, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. हिमनिक्षेपावर टोपीसारख्या बसलेल्या या थराला भूवैज्ञानिक ‘कॅप कार्बोनेट’ म्हणतात.

या खडकाचे वय थेट मोजणे मात्र अवघड असते. कारण त्यात युरेनियमचे प्रमाण अल्प असते, शिसे मुळातच मिसळलेले असू शकते, आणि नंतरच्या काळात खडकातून झिरपलेल्या पाण्यामुळे त्याचे पुन्हा स्फटिकीकरण झाले असेल, तर मूळ कालखूण पुसली जाते. म्हणून संशोधक कार्बोनेटच्या थरांत अडकलेली ज्वालामुखीची राख शोधतात. या राखेतील झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतात, पण शिसे जवळजवळ घेत नाहीत; त्यामुळे त्यांत आढळणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेले असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३५ चे सुमारे ७०.४ कोटी वर्षे असल्याने एकाच स्फटिकात दोन स्वतंत्र घड्याळे चालू असतात, आणि दोघांचे उत्तर जुळले तरच ते वय विश्वासार्ह मानले जाते. त्याआधी स्फटिक तापवून व आम्लात अंशतः विरघळवून त्यांचे शिसे गमावलेले भाग काढून टाकले जातात.

दक्षिण चीनमधील दौशांतुओ शैलसमूहाच्या कॅप कार्बोनेटमधील राखेचे वय २००५ साली ६३ कोटी ५२ लाख वर्षे असे प्रसिद्ध झाले आणि त्यातील अनिश्चितता केवळ सहा लाख वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षी नामिबियातील घाउब हिमनिक्षेपातील राखेचे वय ६३ कोटी ५५ लाख वर्षे निघाले होते, ज्यात बारा लाखांची अनिश्चितता होती. एक राख हिमनिक्षेपातली, दुसरी त्यावरच्या थरांतली, तरीही दोन्ही वये या मर्यादांत जुळतात. यावरून दूरच्या भूभागांवर बर्फ जवळपास एकाच वेळी वितळला, या मताला बळ मिळते.

या हिमयुगानंतर आलेल्या एडियाकरन कालखंडाची अधिकृत सुरुवात दर्शवणारी खूण २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स पर्वतरांगेतील एनोरामा खाडीकाठी, तेथील कॅप कार्बोनेटच्या तळाशी निश्चित करण्यात आली. तेथे वय मोजता येईल अशी राख नसल्याने भूवैज्ञानिक कालगणनेच्या कोष्टकांतला ६३.५ कोटींचा आकडा अन्य ठिकाणच्या राखेवरून घेतलेला आहे. हिमाचल प्रदेशातील ब्लैनी शैलसमूहाच्या गुलाबी डोलोमाइटची या कॅप कार्बोनेटशी सांगडही कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण आणि थरांचा क्रम यांच्या आधारे घातली जाते. त्यामुळे राख न सापडलेल्या ठिकाणी खडकाचे वय हे मोजमापाइतकेच या जुळणीवरही अवलंबून राहते.