सायकलची साखळी: झीज आणि निगा

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी क्षणभर रस्त्याच्या कडेला उभे राहावे. कामावर निघालेल्या सायकलींपैकी काही नुसत्या सळसळत जातात, तर काही कुरकुरत, खडखडत. रविवारी सकाळी जाड टायरांच्या, गिअरच्या सायकली घेऊन तरुण मंडळी मलंगगडाच्या पायथ्याकडे किंवा बदलापूरपलीकडे बारवी धरणाकडे निघतात. एकाची सायकल पोटासाठी, दुसऱ्याची हौसेसाठी. परंतु दोघांचाही भार ज्या एका वस्तूवर असतो ती म्हणजे साखळी, आपल्या रोजच्या बोलण्यातली चेन.

'चेन ताणली' असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः पोलादाच्या पत्त्या पायाच्या जोराने ताणल्या जात नाहीत. मँचेस्टर येथे हॅन्स रेनॉल्ड याने १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेली साखळी सिद्ध केली. आजच्या साखळीचा पाया तोच. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. कडी वळली की पिनेवर घासते आणि तेथील धातू कणाकणाने जातो. सांधा सैल झाला की दोन पिनांमधील अंतर किंचित वाढते. अशा शंभरावर सांध्यांची वाढ एकत्र झाली की साखळी लांबलेली दिसते.

हे घर्षण किती वेळा होते? साखळीला ११४ सांधे आणि पुढच्या चक्राला ३२ दात आहेत असे धरू. मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरविले, तर तासाभरात साखळी सुमारे हजार फेऱ्या पुऱ्या करते. गिअरच्या सायकलीत ती चार चक्रांवरून जाते. प्रत्येकावर चढताना एकदा व उतरताना एकदा वळते. म्हणजे एकेक सांधा तासाला सुमारे आठ हजार वेळा वाकतो! त्यात धूळ शिरली, तर तेल आणि धूळ मिळून घासकामाचा मसालाच तयार होतो. म्हणून साखळीवर तेलाची धार सोडणे ही निगा नव्हे. आम्हीही पुष्कळ वर्षे तेच करीत होतो.

योग्य रीत सोपी आहे. प्रथम फडक्याने साखळी पुसावी. फार मळली असल्यास डिझेलने ओले केलेले फडके व जुना टूथब्रश घ्यावा; जवळ विस्तव नसावा. साखळी पूर्ण कोरडी झाल्यावर प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडावा, पॅडल उलटे फिरवावे, थोडे थांबावे आणि बाहेरचे सर्व तेल पुसून टाकावे. तेल हवे ते सांध्याच्या आत. बाहेर राहिलेले तेल धुळीला आमंत्रण देते. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर हे काम उद्यावर टाकू नये.

आता मोजमाप. दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणून २४ अंतरे मिळून बरोबर १२ इंच भरली पाहिजेत. साखळी सायकलवर ताठ असतानाच एका पिनेच्या मध्यावर पोलादी फुटपट्टीचे शून्य ठेवावे. पंचविसावी पिन बारा इंचांच्या अर्धे सूत, म्हणजे एक सोळांश इंच, पुढे गेली की गिअरच्या सायकलीची साखळी बदलावी. कामावर न्यावयाच्या साध्या सायकलीला एक सूतापर्यंत मुभा आहे, त्यापुढे नाही.

पण दुर्लक्ष केले तर? लांबलेली साखळी चक्राच्या दातांत नीट बसत नाही. दात झिजून आकड्यासारखे होतात. मग नवी साखळी घातली, तरी ती त्या जुन्या दातांवरून निसटते. आणि निसटते ती नेमकी चढावर, आपण उभे राहून सारा भार पॅडलवर टाकलेला असताना. हा धडा आम्ही गुडघा सोलून घेऊन शिकलो. मागून ट्रक येत असता, तर केवळ गुडघ्यावर भागले नसते. खर्चाचा हिशेबही तोच सांगतो: साखळी वेळेवर बदलली की खर्च एका साखळीचा, उशीर झाला की साखळी, मागची चक्रे आणि पुढचे चक्र, सारेच नवे घ्यावे लागते.

ज्याची सायकल घराबाहेर भिंतीला टेकलेली आहे, त्याने आज घरी गेल्यावर मुलाच्या दप्तरातील फुटपट्टी मागून घ्यावी आणि चोवीस अंतरे मोजावीत. उद्याची पाळी चुकते की नाही, हे पुष्कळदा त्या अर्ध्या सूतावर ठरत असते.