वृद्धांचा श्रवणदोष आणि आपले कर्तव्य

14 ऑक्टोबर 1956 रोजी आईवडिलांचे बोट धरून नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापाशी आठवणींचा मोठा ठेवा आहे. परंतु विहारात वंदना संपली की ही मंडळी कोपऱ्यात गप्प बसतात. काही विचारले तर हसून मान डोलावतात. घरची माणसे म्हणतात, "म्हातारपणी चालायचेच!" आमच्या मते या गप्प बसण्याचे कारण पुष्कळदा कानात असते. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक घरात असणे अगत्याचे आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात शंखासारखे एक वेटोळे असते. त्यात जन्मतः सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे संदेश करून त्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे पाठवितात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. वाढते वय, आनुवंशिकता, मधुमेह, रक्तदाब यांमुळे त्या कमी होतात. ज्यांनी गिरणीच्या खडखडाटात किंवा वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे काढली, त्यांचे नुकसान अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढील चौघांपैकी किमान एकाला असा त्रासदायक श्रवणदोष असतो.

हा दोष बहुधा दोन्ही कानांत हळूहळू वाढतो. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श यांसारखी व्यंजने त्या पट्टीतली. स्वर खालच्या पट्टीतले. म्हणून आवाज येतो, पण शब्द लागत नाही.

याचा धडा आम्हाला बँकेच्या काउंटरवर मिळाला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका आजोबांना आम्ही "साठ" म्हणालो. त्यांनी "आठ" ऐकले. दोनदा तसेच झाल्यावर आम्ही ओरडलो. सारी रांग वळून पाहू लागली आणि आजोबा काम अर्धवट टाकून निघून गेले. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत, हे आम्हाला पुढे कळले. आकडा कागदावर लिहून दाखविला असता तर काम झाले असते. त्यांची क्षमा मागायची मात्र राहून गेली.

मग करावे काय? प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो काडीने, पिनेने काढू नये. घरचे तेलही घालू नये. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे उशीर महागात पडतो. गरज असल्यास श्रवणचाचणी करून त्याप्रमाणे श्रवणयंत्र बसवावे. जाहिरात पाहून यंत्र घेऊ नये. सुरुवातीला यंत्रातून भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो व पुष्कळजण ते कपाटात ठेवून देतात. रोज थोडा वेळ, शांत खोलीत वापरत गेल्यास काही आठवड्यांत सवय होते. मुंबईत वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठी आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना साहाय्यक साधने देण्यासाठी 2017 साली केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

घरात बोलताना समोर यावे, टीव्ही बंद करावा, सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. विहारात वृद्धांना पुढे बसवावे व सूचना फळ्यावर लिहाव्यात.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तरी इजा होऊ शकते. जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेचा आवाज त्याहून पुष्कळ मोठा असतो. बाबासाहेबांची जयंती विचारांनी गाजवू या. आपलेही कान आयुष्यभर पुरवायचे आहेत.

तथागतांच्या शिष्यांना श्रावक, म्हणजे ऐकणारे, म्हणत. आपल्या आजी-आजोबांना ते ऐकणे पुन्हा मिळवून देऊ या, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्या तोंडून आहेत तोवर ऐकून घेऊ या.

जय भीम!