तंबोरा घडविणारे मिरजेचे कारागीर

रात्री आपण रेडिओ लावतो. शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम असतो. निवेदक गायकाचे नाव सांगतो, रागाचे नाव सांगतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्याची साथ कोणाची, तेही सांगतो. मग क्षणभर शांतता होते, आणि गवई तोंड उघडण्यापूर्वीच एक गोल, भरीव गुंजन खोलीभर पसरते. हा तंबोरा. गाणे संपेपर्यंत तो थांबत नाही, आणि आपण गाण्यात रंगलो की तो वाजतो आहे हेही आपल्या ध्यानात राहत नाही.

तंबोऱ्यावर साथ करणाऱ्याचे नाव आपण ऐकले. पण तो ज्याने घडविला त्याचे? ते निवेदक सांगत नाही. त्याला बोल लावण्याचे कारण नाही, कारण आपणही कधी विचारलेले नाही. आज त्या कारागिरांविषयी थोडे सांगावयाचे आहे.

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी मिरज आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून आणि दवाखान्यांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण गवयाला विचाराल तर तो म्हणेल, मिरज म्हणजे तंबोरा. इथे एक गल्लीच सतारमेकरांची आहे. आडनावसुद्धा तेच, सतारमेकर. अर्धे आपले, अर्धे इंग्रजी. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, तलवारी-भाले घडविणारी. संस्थानी फौजांचे दिवस सरले, इंग्रजी अंमल पक्का झाला, तसे हत्यारांचे काम उतरणीला लागले. तेव्हा सुमारे १८५०च्या काळात फरीदसाहेब शिकलगार यांनी आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांनी नादुरुस्त वाद्ये दुरुस्त करावयास घेतली आणि पुढे स्वतःच नवी घडविली, असे मिरजेत परंपरेने सांगतात. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याची कदर होती, त्यामुळे गिऱ्हाईकही गावातच मिळाले.

आता वरवर पाहता तलवार कोठे आणि तंबोरा कोठे! पण मला यात मोठेसे नवल वाटत नाही. शिकलगाराची सारी विद्या बोटांच्या टोकांत असते. पाते कोठे केसभर जाड राहिले, कानस कोठे थांबवावयाची, हे त्याला डोळ्यांआधी बोटांना कळते. तीच कानस आणि तीच बोटे पुढे तंबोऱ्याच्या कामी आली. काम बदलले, हात तेच राहिले.

मिरजेला गाणाऱ्यांची वस्तीही अशी लाभली की कारागिराच्या कानाला दररोज परीक्षा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर इथेच शिकले, आणि पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर मिरज आपलेच घर केले. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले, आणि उरुसाच्या वेळी त्या आवारात आजही गवई आपली हजेरी लावतात. अशा गवयांच्या हाती तंबोरा द्यावयाचा म्हणजे फसवाफसवीला जागाच नाही. आवाजात काडीइतका कमीपणा असला तर तो दुसऱ्या दिवशी परत यावयाचा!

हा तंबोरा शेतातून सुरू होतो. त्याचे पोट म्हणजे भोपळा. आपण भाजीला जो दुधी घेतो त्याच जातीचा, पण चवीला कडू, जाड सालीचा आणि चांगला घागरीएवढा. पोहायला शिकताना मुलाच्या पाठीला भोपळा बांधतात ना, त्याचा हा थोरला भाऊ म्हणा. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, काही शेतकरी तो मुद्दाम पिकवितात. हे पीक नाजूक आहे. फळ एका कुशीवर पडून वाढले तर ती बाजू चपटी होते. खाली ओल राहिली तर डाग पडतो, कुजते. म्हणून फळाला टेकू द्यावयाचा, खाली गवत घालावयाचे, आणि ते वेलावरच पुरते पिकून वाळू द्यावयाचे. ऐन वेळी अवकाळी पाऊस आला तर मेहनत पाण्यात. कारागीर भोपळा निवडावयास येतो तेव्हा वाटोळेपणा पाहतो, सालीची जाडी पाहतो, आणि बोटाने टिचकी मारून ऐकतो. शेतकऱ्याला वाटते आपण भोपळा विकला. कारागिराने आवाज विकत घेतलेला असतो.

मिरजेत आल्यावर भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, वरचा भाग कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात. मग तोंडाला आडव्या काड्यांचा ताण देऊन आकार धरून ठेवतात आणि वाळवितात. दांडीसाठी तुणीचे लाकूड. ते हलके, पण चांगले मुरवावे लागते. ओले लाकूड वापरले तर वर्षभरात दांडी वाकते आणि तारा सुरात राहत नाहीत. भोपळ्यावर लाकडाची तबली बसते, गळ्यापाशी दांडी जोडतात, सांधे सरसाने धरतात. त्यावर कोरीव पाने, नक्षी, पॉलिश. एका घरी भोपळा आणि लाकूड, दुसऱ्या घरी नक्षी, तिसऱ्या घरी तारा, असे काम फिरत फिरत पुरे होते. नक्षीला पूर्वी हस्तिदंत वापरीत आणि तारा ज्या घोडीवर टेकतात ती सांबरशिंगाची करीत. १९७२ साली वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पुढे तो अधिक कडक होत गेला. आता नक्षीला सेल्युलॉइड आणि घोडीला उंटाचे हाड किंवा तसेच दुसरे साहित्य वापरतात. कारागिरांनी हा बदल पचविला. जे बदलता येण्यासारखे होते ते त्यांनी बदलले.

पण एक गोष्ट बदलता येत नाही, आणि तिच्यातच तंबोऱ्याचा सारा जीव आहे. तिला जवारी म्हणतात. ही जवारी मला पुस्तकात वाचून कधी समजली नव्हती. समजली ती एका अपघातामुळे.

आमच्या कॉलेजात संगीत मंडळाचा एक जुना तंबोरा होता. एका समारंभाच्या धांदलीत कोणीतरी तो टेबलावरून पाडला आणि भोपळ्याला तडा गेला. दुरुस्तीला पैसे कशाला घालवायचे, हल्ली विजेवर चालणारे यंत्र मिळते, तेच घेऊ, असे बहुमत पडले. मी म्हटले, निदान मिरजेला दाखवून तरी आणतो. एस.टी.ने निघालो. पाच फुटांचे हे धूड मांडीवर आडवे! कंडक्टर म्हणाला, "ह्यांचं तिकीट काढलं का?" साऱ्या गाडीला हसू.

कारखाना म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. म्हाताऱ्या कारागिराने तडा पाहिलाही नाही. पहिला प्रश्न केला, "सर, ह्यावर गातं कोण? मुली का मुलं? पट्टी कुठली?" मुलींची काळी चार-पाच, मुलांची काळी एक-दोन, ज्या स्वराला तंबोरा लावावयाचा त्याप्रमाणे तारा निवडाव्या लागतात आणि जवारीही तशीच काढावी लागते. म्हणजे तंबोऱ्याचे माप शिंप्याच्या मापासारखे, गाणाऱ्याच्या गळ्यावरून घ्यावयाचे.

तडा दोन दिवसांत सांधला गेला. तिसऱ्या दिवशी चाचांनी घोडी पुढ्यात घेतली. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला फार मंद असा उतार असतो. तार छेडली की ती थरथरताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या पोटातले कितीतरी बारीक स्वर बाहेर पडतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा घालतात आणि तो मागेपुढे सरकवून नेमकी जागा शोधतात. उतार किंचित जास्त झाला की आवाज चरचरतो. किंचित कमी झाला की मुका होतो. हा फरक कागदाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. तो फूटपट्टीने मोजता येत नाही. फक्त ऐकता येतो.

चाचांनी कानस फिरविली, तार छेडली, मान हलविली. पुन्हा कानस, पुन्हा तार. मला सारे सारखेच ऐकू येत होते. तासाभराने त्यांनी खर्जाची तार छेडली आणि म्हणाले, "आता गंधार ऐका." चार तारांत गंधाराची तार नसते, एक पंचम, दोन षड्ज आणि एक खर्ज, एवढेच. मी कान लावला. आणि खरोखर, त्या खोल खर्जातून, कोणीही न छेडलेला गंधार तरंगत वर आला. वीस वर्षे मी तो तंबोरा पाहत होतो. ऐकला त्या दिवशी.

शाळेतील विज्ञानशिक्षकांसाठी एक गोष्ट सांगतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनांचा उपस्वर उमटू नये, असे जुना नियम सांगतो. कारण त्या उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका तेथेच असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला आणि दाखविले की तंबोऱ्यात आणि वीणेत, नियमाप्रमाणे नसावयास हवे असे उपस्वरही जोरात उमटतात, आणि त्याचे कारण घोडीच्या रचनेत आहे. ज्या गोष्टीपाशी एवढा मोठा शास्त्रज्ञ थबकला ती गोष्ट मिरजेच्या गल्लीत एक माणूस मांडी घालून कानशीने करीत असतो. याला नुसती मजुरी म्हणावयाचे की निर्मिती, हे तुम्हीच ठरवा.

निघताना चाचांनी हिशोबाची चिठ्ठी दिली. तडा सांधणे, तारा, पॉलिश. जवारी चिठ्ठीत नव्हती. मी विचारले तर म्हणाले, "ती कुठं लिहायची?" मी पैसे वेगळे दिले, त्यांनी घेतले. पण परतीच्या वाटेवर ते उत्तर मनात घोळत राहिले. ऐकायला गोड वाटले, तरी घातक आहे. कामातला सर्वांत कठीण भाग हिशोबातच येत नसेल, तर घरातला मुलगा तो शिकण्यात दहा वर्षे का घालवील? तो एम.आय.डी.सी.त जाईल, तिथे पगार दर महिन्याला मिळतो. तंबोरा तर एकदा घेतला की गवयाला जन्मभर पुरतो. गिऱ्हाईक पुन्हा येते ते फक्त तारा घासून घोडीत खाचा पडल्या, जवारी बिघडली म्हणजे. आणि त्याच कामाला दाम नाही!

चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडे घडविलेले वाद्य मिरजेचे म्हणून विकता येणार नाही. हे योग्यच झाले. पण मानांकनाने नाव राखता येते, कान राखता येत नाही.

विजेच्या तंबोऱ्याला मी नावे ठेवणार नाही. एकट्याने रियाज करणाऱ्याला त्याची सोय आहे, प्रवासात तो उपयोगी पडतो. आता तर तो मोबाईलमध्येही आला आहे. पण त्याला सुरात लावावे लागत नाही. बटण दाबले की झाले. खरा तंबोरा हवामानाबरोबर उतरतो, चढतो. रोज खुंट्या पिळाव्या लागतात, मणके सरकवावे लागतात. हा त्रास नव्हे, हाच पहिला पाठ आहे. जो विद्यार्थी रोज तंबोरा लावतो त्याचा कान तयार होतो. आणि तयार कानच कारागिराकडे जाऊन म्हणू शकतो, "चाचा, पंचमाची जवारी अजून खुलली नाही." असे म्हणणारे उरले नाहीत तर चाचा तरी तासभर कानस कशाला फिरवितील? कारागीर संपतो तो पोट भरत नाही म्हणून, आणि आपल्या बारकाव्याला कोणी दाद मागत नाही म्हणूनही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. मुलांना वर्षातून एकदा तरी खरा तंबोरा जवळून ऐकवा. गावातल्या भजनी मंडळात असेल, एखाद्या पेन्शनर गुरुजींच्या घरी खोळीत पडून असेल. मुलांना भोवती बसवा आणि न छेडलेला गंधार शोधावयास सांगा. सर्वांना सापडणार नाही. दोघांना सापडला तरी पुष्कळ झाले. ज्यांच्या घरी जुना तंबोरा आहे त्यांनी तो दुरुस्तीला न्यावा, आणि हिशोबात जवारीचे पैसे आपण होऊन मांडावे. आणि भीमाकाठच्या शेतकऱ्यांनो, पुढच्या वेळी रेडिओवर गाणे लागले की गवयाच्या आधी जे गुंजन ऐकू येते तिकडे जरा कान द्या. तो भोपळा कदाचित तुमच्याच वेलाचा असेल.

आमच्या कॉलेजचा तंबोरा आता भिंतीवर नसतो. संगीत मंडळाच्या मुली आठवड्यातून तीनदा तो खाली काढतात आणि लावता लावता भांडतात, सूर लागला की नाही म्हणून. ते भांडण ऐकले की मला मिरजेची ती पुढची खोली आठवते.