दंतचक्रबदल (गिअर बदलणे)

हस्तचलित मोटारगाडीत एंजिन व चाके यांच्या परिभ्रमण वेगांचा मेळ घालून दंतचक्र-गुणोत्तर बदलण्याची क्रिया. क्लच दाबताच एंजिन दंतचक्रपेटीपासून सुटते. चाकांशी जोडलेला दंड मात्र फिरतच राहतो. तिसऱ्या गतीचे गुणोत्तर १·५ व दुसरीचे २ असल्यास, मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरून खालची गती घेताना एंजिनाच्या ४,००० फेऱ्या व्हाव्या लागतात. क्लच सोडण्यापूर्वी प्रवेगक किंचित दाबून ही वाढ साधतात. ती न साधल्यास चालित चाकांना एकदम अटकाव होतो. मागील चाकांनी चालणारी क्रीडामोटार वळणावर त्यामुळे फिरकी घेऊ शकते. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आलेल्या समकालकाने दातांची खरखर थांबविली, एंजिनाचा वेग जुळविण्याचे काम मात्र बहुधा चालकाकडेच राहिले.

परभणी जिल्ह्यात हे तत्त्व शर्यतीपेक्षा शेतीत अधिक आढळते. काळ्या जमिनीत नांगर ओढणारा ट्रॅक्टर क्लच दाबताच थबकतो. म्हणून योग्य गती आधीच निवडावी लागते. जिंतूरकडील डोंगराळ भागात भरलेली ट्रॉली उतरविताना खालची गती माथ्यावरच घेणे इष्ट. समकालक नसलेल्या पेटीत उतारावर मध्येच दांडी तटस्थ केल्यास पुन्हा गती बसत नाही आणि सर्व भार ब्रेकवर येतो.