सांध्यातला रंग

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या माळ्यावर शोधलं तर एखादा तरी जी.आय. जो सापडतो. एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोने 1987 साली मिळून काढलेल्या फनस्कूलने हे पावणेचार इंची सैनिक आपल्याकडे घरोघरी पोचवले. आता तीच पिढी त्यांचे मावळे करायला बसली आहे. पगडी जमते, अंगरखा जमतो, मिशीसुद्धा जमते. मग कौतुकाने कोपर वाकवावं, तर खर्रकन पिवळा रंग निघतो आणि खालचा लष्करी हिरवा डोकावतो.

यावर बहुतेक जण करतात तो उपाय नेमका उलटा: वरून रंगाचा आणखी एक हात मारतात. कारखान्यात सांध्याची फट ठेवलेली असते ती बिनरंगी प्लास्टिकच्या हिशेबाने. प्रायमर, रंगाचे दोन-तीन हात आणि वार्निश मिळून मिलिमीटरचा दहावा भाग सहज भरतो. दोन्ही बाजू रंगवल्या तर दुप्पट. एवढा रंग मावायला तिथे जागाच नसते. म्हणून हे काम ब्रशचं नाही, आधी वॉटर पेपरचं आहे.

नेमकं कुठे घासतं हे डोळ्यांना दिसत नाही. सांध्यावर साध्या मार्करने शाई फासा, हातपाय पाच-सहा वेळा पुरते हलवा आणि बघा. शाई जिथून पुसली गेली, तेवढंच घासायचं. खाचेत फिरणारी चकती असेल तर तिच्या दोन्ही सपाट बाजूंवर 400 नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवा, मग 800 चा. ज्या खिळीवर चकती फिरते तिला हात लावू नका, नाहीतर हात लुळा पडेल. गोळीच्या सांध्यात गोळी घासायची नाही, कारण पकड तिचीच असते. वाटीची कड पात्याने किंचित तासायची. ओलं घासायचं, म्हणजे प्लास्टिकची भुकटी नाकात जात नाही.

जी.आय. जो या बाबतीत सोयीचा. पाठीतला एक स्क्रू काढला की धड उघडतं, खांदे सुटे होतात. कोपराला मात्र धातूची रिव्हेट असते. ती न काढता जमेल तेवढंच करावं. आतली रबरी रिंग जुनी झाली असेल तर उघडताना तुटते, तेव्हा नवी आधीच आणून ठेवा. अलीकडच्या मऊ पीव्हीसीच्या फिगरचे सांधे उकळत्या पाण्यात मिनिटभर धरले की सैल होऊन निघतात. हे काम मोठ्यांनी करावं, आणि भांडं स्वयंपाकाचं नको.

त्याच मऊ पीव्हीसीवर एनॅमल रंग मारू नका. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य रंगात उतरतं आणि रंग महिनोन्‌महिने चिकट राहतो. अॅक्रेलिक बरा, पण त्याचीही एक खोड आहे: दोन अॅक्रेलिक थर दाबून ठेवले की एकमेकांना धरतात. आमच्या हुमनाबादेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, तेव्हा तर हमखास. वाकवून ठेवलेला गुडघा पावसाळ्यात सरळ करायला जावं, तर रंगाचा पापुद्राच उचलला जातो. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंपैकी एकच रंगवावी.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे सांध्यावर रंग बसवायचाच नाही, प्लास्टिकच रंगवायचं. इथून तासा-सव्वातासावर बिदर आहे. तिथल्या बिदरी भांड्यांचा काळा रंगही असाच वरून लावलेला नसतो. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीचं जडावकाम झाल्यावर ते किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात घालतात. जस्ताचा पृष्ठभागच काळा पडतो, चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते. पांढरे किंवा फिकट नायलॉनचे सांधे सिंथेटिक कापडाच्या रंगात, गरम पाण्यात ठेवले की रंग आत शिरतो आणि बिदरीसारखाच घासून जाण्याजोगा थर उरत नाही. काही सांधे अॅसिटलचे असतात, नखाला निसरडे लागतात. त्यांवर रंग धरत नाही आणि आतही फारसा मुरत नाही. तिथे हव्या त्या रंगाचा हात दुसऱ्या मोडक्या फिगरचा काढून बसवणं हाच शहाणपणा. अशा मोडक्या फिगरी टाकू नयेत.

ज्या भागावर रंग द्यावाच लागतो तिथे तो पातळ द्या आणि वरून मॅटऐवजी सॅटिन वार्निश मारा. मॅट घासलं की लगेच चकाकतं. अगदी शेवटी सिलिकॉन ग्रीसचा सुईच्या टोकाएवढा ठिपका सांध्यात सोडा. आधी सोडलं तर त्यावर पुन्हा रंग धरणार नाही. खोबरेल तेल नको, ते धूळ धरतं.

मावळा दिवाळीच्या किल्ल्यावर उभा करायचा असेल, तर रंगकाम दसऱ्याच्या आत उरका. हाताला कोरडा लागलेला रंग आतून पक्का व्हायला पुढचे बरेच दिवस घेतो. तोवर भाग सुटेच ठेवा आणि पोरांच्या हाती देऊ नका.