फ्रेमला रंग चढतो तो दिवस

सकाळी 7
भोसरीतल्या शेडचं शटर वर केलं की आधी हवा बघतो. जुलै महिना, रात्रभर पाऊस, आणि अशा हवेत उघडं लोखंड कुणाची वाट बघत नाही. गाड्यांचे सुटे भाग रंगवणं हे आमचं रोजचं काम. आज मात्र बाकावर सायकलची फ्रेम आहे: क्रोमोली स्टीलची, एका ताईंच्या मापानं हातानं बांधलेली. नळ्या टोकांना 0.9 मिलिमीटर जाड आणि मधे फक्त 0.6. एवढ्या पातळ नळीत गंजाला सोडून द्यायला फाजील धातू नसतोच.

फ्रेम रात्रभर गरम पाण्यात होती. नळ्या जोडताना ब्रेझिंगसाठी वापरलेला फ्लक्स सांध्याच्या कडेला काच होऊन बसतो. तो तसाच राहिला तर ओल धरतो आणि रंग खालून फुगवतो. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांधा बघितला, ब्रश मारला, पुन्हा धुतला.

साडेआठ
ताई आल्या. रंग ठरलेला: मोरपंखी, मेटॅलिक. ही सायकल त्या कोकण किनाऱ्यानं सामान लादून चालवणार आहेत.
“काका, ओव्हनमध्ये सांधे सुटणार नाहीत ना?”
“नाही ताई. चांदीचं ब्रेझिंग 600 अंशांच्या वर वितळतं. आपण 200 वर थांबतो.”

मग खरा प्रश्न आला, फवाऱ्याचा रंग की ओव्हनमध्ये भाजायची पावडर. फवाऱ्याच्या दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची बाजू मी मनापासून मांडली. तो पातळ बसतो, त्यामुळे सांध्यांवरच्या लगच्या कोरीव कडा स्पष्ट दिसतात. दोन रंगांची रेघ सुबक येते आणि टवका उडाला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. भिंतीवर टांगून डोळे भरून बघायची फ्रेम असती तर मीच तो सुचवला असता. पण कॅरियरच्या पिशव्या घासणार, खडी उडणार, साखळी चेनस्टेवर आपटणार. तिथे पावडर जास्त मार सोसते.

मात्र पावडरच्या एकट्या थरावर माझा विश्वास नाही. पॉलिएस्टर पावडर उन्हात टिकते, पण टवका उडाला की खालचं स्टील उघडं पडतं आणि गंज रंगाखालून सरकत जातो. एपॉक्सी स्टीलला घट्ट धरते, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. म्हणून खाली जस्ताचा एपॉक्सी प्रायमर, वर पॉलिएस्टर, आणि मेटॅलिक असल्यामुळे त्यावर पारदर्शक क्लिअर. मेटॅलिकमधले ॲल्युमिनियमचे कण उघडे राहिले तर खाऱ्या हवेत काळवंडतात. ताईंनी खर्च विचारला. मी सांगितलं, पैसे कमी करायचे असतील तर रंगात करा, प्रायमरमध्ये नको.

दहा
बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांना सिलिकॉनची बुचं, हेड ट्यूबच्या तोंडांना उष्णता सोसणारी टेप. ड्रॉपआउटच्या ज्या पृष्ठभागावर चाक आवळलं जातं, तोही झाकला. तिथे जाड थर राहिला तर तो दाबाखाली सरकतो आणि चाक ढिलं होतं.

ब्लास्टिंग मी स्वतः करतो. बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड, कमी दाब, हात सतत हलता. जाड कामासाठी असलेल्या छऱ्यांनी अशा नळीला पोचे पडतात. राखाडी, एकसारखा खरखरीत पृष्ठभाग मिळाला की पुढे उघड्या हातानं कुणी शिवायचं नाही, बोटाचा घामही डाग पाडतो. फॉस्फेटच्या टाकीत ही फ्रेम आम्ही बुडवत नाही. ब्रेझिंगसाठी ठेवलेल्या छोट्या भोकांतून आम्ल आत शिरतं आणि नळीच्या पोटात अडकून बसतं.

साडेअकरा
चहा नंतर. पावसाळ्यात ब्लास्टिंग आणि प्रायमर यांच्यात जेवणाची सुट्टीसुद्धा घालायची नसते. फ्रेम आधी तापवून ओल काढली, हुकाला टांगली, अर्थिंग तपासलं.

सर्वांत अवघड जागा म्हणजे बॉटम ब्रॅकेटजवळच्या बेचक्या. विद्युतभारामुळे पावडर बाहेरच्या कडांवर धावते, आतल्या कोपऱ्यात जात नाही. पाणी आणि चिखल तर नेमके तिथेच साठतात. म्हणून गनचा विद्युतदाब 80 किलोव्होल्टवरून 40 पर्यंत उतरवतो आणि आधी कोपरे भरतो, मग मोकळ्या नळ्या. प्रायमर अर्धाच भाजायचा. पूर्ण भाजला तर वरचा थर त्याला नीट धरत नाही.

दुपारी 2
मोरपंखी चढला, भाजला, मग क्लिअर. डब्यावर 200 अंशांना 10 मिनिटं लिहिलेलं असतं. ती मिनिटं धातू तेवढा तापल्यापासून मोजायची, ओव्हनची हवा तापल्यापासून नव्हे. कच्ची भाजलेली पावडर दिसायला पक्क्यासारखीच चकाकते आणि पुढे पापुद्र्यांनी सुटते.

पाच
फ्रेमबरोबर त्याच हुकावर एक पत्र्याचा तुकडाही रंगवला होता. त्यावर ब्लेडनं चौकटी कापल्या, टेप चिकटवून झटक्यात ओढली. एकही चौकोन निघाला नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर सॉल्व्हंटची चिंधी घासली, रंग मऊ पडला नाही. मायक्रॉन मीटर फ्रेमवर सगळीकडे फिरवला, बेचक्यांत दोनदा.

साडेसहा
बाहेरून कितीही जपा, स्टीलची फ्रेम बहुधा आतून गंजते. नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल ओतलं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, जास्तीचं निथळू दिलं. ते वाळायला काही दिवस जातील, तोवर सायकल जोडायची नाही. तेलाच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. बॉटम ब्रॅकेटच्या खालचं पाणी निथळायचं भोक मोकळं आहे ना, तेही बघितलं.

तुमची फ्रेम रंगवायला द्याल तेव्हा रंगांचं कार्ड हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: ब्लास्टिंगनंतर किती वेळात प्रायमर मारता, आणि तो कोणता? सरळ उत्तर मिळालं नाही तर फ्रेम तिथे ठेवू नका.