आज शर्यत नाही

डीएन या वर्गातल्या, बर्फावर शिडाने पळणाऱ्या नावांची जागतिक स्पर्धा हिवाळ्यात आलटून पालटून उत्तर अमेरिकेत आणि युरोपात भरते. तारखा आधी ठरतात, पण स्पर्धा नेमकी कुठल्या तळ्यावर होणार हे अगदी शेवटच्या काही दिवसांपर्यंत ठरत नाही. वेगवेगळ्या भागांतले खेळाडू आपापल्या जवळची गोठलेली तळी पाहून येतात. बर्फ किती जाड आहे, वर हिम साचलंय का, तडे कुठे गेलेत, किनाऱ्याजवळ पाणी उघडं आहे का, हे सगळं कळवतात, आणि मग आयोजक जागा जाहीर करतात. सोबत पर्यायी जागाही हाताशी ठेवतात. बर्फ बिघडला तर मुक्काम हलतो, आणि कुठेच जमेना तर स्पर्धाच होत नाही. शेकडो किलोमीटर गाडी हाकत, टपावर नाव बांधून आलेली माणसं परत जातात. हळहळतात, पण आयोजकांच्या नावाने खडे फोडत नाहीत. कारण ‘आज शर्यत नाही’ असं म्हणण्याचा अधिकार हा त्या खेळाच्या नियमांचाच भाग आहे.

या खेळाबद्दल पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला सांगायचं कारण काय, असं कुणी विचारील. एक कारण गमतीचं आहे. ‘डीएन’ ही अक्षरं ‘डेट्रॉइट न्यूज’ या वर्तमानपत्राच्या नावातून आली. १९३६-३७च्या हिवाळ्यात त्या वर्तमानपत्राच्या कार्यशाळेत, म्हणजे मोटारींच्या शहरात, सामान्य माणसाला घरी बांधता येईल अशी ही छोटी नाव तयार झाली. दुसरं कारण गंभीर आहे. इंजिन नसलेल्या वेगाची शर्यत आपल्या पट्ट्यातही आहे, आणि ती फार जुनी आहे. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर आणि खुद्द भोसरी-चिखलीकडचा बैलगाडा. तिथे ओढणारी ताकद वाऱ्याची, इथे बैलाची. दोन्हीकडे ताकद माणसाच्या मुठीत पुरती येत नाही, आणि दोन्हीकडे खालची जमीन दगा देऊ शकते. म्हणूनच त्यांची नियमपुस्तकं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

आधी बर्फावरची नाव. बारा फुटांचं निमुळतं अंग, त्याला आडवी आठ फुटांची फळी, फळीच्या दोन टोकांना आणि पुढे नाकाशी एकेक पोलादी पातं, सोळा फुटांची डोलकाठी आणि साठ चौरस फुटांचं शीड. एकच माणूस, तोही जवळजवळ आडवा. पुढचं पातं वळवून दिशा ठरते. बर्फावर घर्षण नगण्य असतं. त्यामुळे नाव पळू लागली की तिच्या स्वतःच्या वेगाने समोरून येणारा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो, शिडाला आणखी जोर मिळतो, आणि नाव वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जाते. ताशी शंभर किलोमीटरचा वेग या वर्गात अनोखा नाही. मोटारीसारखा पायाखालचा ब्रेक मात्र नसतो. थांबायचं तर नाक वाऱ्याकडे वळवून शीड निकामी करावं लागतं. माप सर्वांना सारखं ठेवल्यामुळे पैशाच्या जोरावर मोठं शीड लावून जिंकण्याची सोय नाही. पात्यांची धार, त्यांची निवड आणि डोलकाठीचा बाक यांतच काय ती करामत करायची.

सुरुवात पाहण्यासारखी असते. रेषेवर नावा ओळीने उभ्या असतात, अर्ध्या एका बाजूला तोंड करून, अर्ध्या दुसऱ्या बाजूला. खिळ्यांचे बूट घातलेला खेळाडू कमरेत वाकून, नावेच्या काठावर हात टेकून वाट पाहतो. निशाण खाली येतं आणि सगळे नावा ढकलत धावत सुटतात. शिडात वारा भरला की धावत्या नावेत उडी मारायची. मग वाऱ्याकडच्या खुणेला वळसा, वाऱ्याच्या दिशेने खालच्या खुणेला वळसा, अशा फेऱ्या. एकमेकांकडे धावणाऱ्या दोन नावांचे वेग एकत्र धरले तर विचार करायला दोन-तीन सेकंदही उरत नाहीत, म्हणून वाट कुणी द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. उजवीकडून वारा घेणाऱ्या नावेला डावीकडून वारा घेणारी वाट देते. वाऱ्याबरोबर खाली येणारी नाव वाऱ्याकडे चढणाऱ्या नावेपासून दूर राहते. थांबलेल्या नावेपासून तर सर्वांनीच दूर राहायचं. डोक्यावर हेल्मेट, आणि बर्फ फुटून पाण्यात पडलंच तर काठ पकडून वर येता यावं म्हणून गळ्यात टोकदार खिळ्यांची जोडी. हे सगळे नियम अपघाताच्या क्षणासाठी आहेत. तो क्षणच येऊ नये यासाठीचा नियम त्यांच्या आधीचा आहे. सकाळी बर्फ तपासायचा आणि पटला नाही तर निशाण उचलायचंच नाही.

आता बैलगाडा पळतो तो घाट. पुणे जिल्ह्यातली पद्धत सातारा-सांगलीकडच्या शर्यतींहून वेगळी. तिकडे अनेक गाडे एकदम सुटतात, सेमी आणि फायनल होते. इकडे एका वेळी एकच गाडा, चार बैलांचा, जुकाटाला दोन आणि धुरेला दोन, पुढे वाट काढणारी घोडी, आणि चढाच्या घाटात घड्याळाशी स्पर्धा. निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटापासून कितीतरी गावांच्या यात्रा याच खेळावर उभ्या आहेत. सेकंदाच्या तुकड्यावर क्रमांक ठरतो, भंडारा उधळतो, ‘घाटाचा राजा’चा मान मिळतो. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत देखणीच म्हणायला हवी. बर्फावर समान माप ठरवून जे साधतात ते इथे घड्याळाने साधतं. धक्का नाही, वाट अडवणं नाही, ज्याचा वेळ कमी तो वर.

पण इथली ताकद जिवंत आहे आणि तिला दुखतं. वाऱ्याला चाबूक मारता येत नाही, बैलाला मारता येतो. आपल्याकडच्या लेखी नियमांचा सगळा इतिहास याच एका फरकातून आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि शर्यतीचे नियम तयार केले, पण प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, पन्नास हजार रुपये अनामत ठेवायची, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको, पशुवैद्यकाने बैल तपासलेला हवा. काठी, चाबूक, विजेचा झटका, शेपटी पिरगाळणं बंद. शर्यतीचं चित्रीकरणही करायचं. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे नियम मला पुरेसे कडक वाटतात, आणि बहुतेक योग्यही. त्यांची उणीव दुसरीकडे आहे. ते सगळे ‘कसं पळवू नये’ हे सांगतात. ‘आज पळवू नये’ हे कुणी, कधी आणि कशावरून ठरवायचं, याचं उत्तर घाटाच्या स्वतःच्या रीतीत नाही. ते बाहेरून येतं, तेही ऐनवेळी. परवानगी मिळाल्यानंतर जानेवारी २०२२च्या पहिल्याच दिवशी आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत शर्यत ठरली होती. गाडामालक तयारीत होते. कोरोनाचं कारण देऊन प्रशासनाने शेवटच्या घटकेला परवानगी मागे घेतली आणि मोठी नाराजी झाली. ती नाराजी समजण्यासारखी आहे. पण तिच्या मुळाशी एक गोष्ट होती. रद्द होणं हा आपल्या खेळाचा भाग आहे, असं घाटावर कुणी मानत नाही. ते बाहेरून आलेलं संकट वाटतं. बर्फावर तेच रोजच्या कामाचं पहिलं पान असतं.

यावर पहिला आक्षेप यात्रेचा. तिथी देवाची, ती हलत नाही. खरं आहे. पण तिथीला पालखी, अभिषेक, नैवेद्य होतो, आणि तो कुणी हलवा म्हणत नाही. शर्यत तर आजही अनेक ठिकाणी यात्रेपासून सुटून नेत्यांच्या वाढदिवसाला, करंडकासाठी, सोयीच्या रविवारी होते. मे २०२२ मध्ये चिखलीच्या जाधववाडीत झालेल्या मोठ्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर अशी बक्षिसं होती. ती तारीख कुठल्या पंचांगाने दिलेली नव्हती. वैशाखाच्या उन्हात जी शर्यत माणसांच्या सोयीने ठरू शकते, ती बैलांच्या सोयीने पुढेही जाऊ शकते.

दुसरा आक्षेप मालकाच्या मायेचा. बैलाला पोटच्या पोरासारखा वाढवणारा, त्याला खुराक घालायला स्वतःच्या ताटातलं काढणारा शेतकरी त्याला दुखापत होऊ देईल का? बहुतेक नाहीच. पण बर्फावरचा खेळाडू तर स्वतःचाच जीव पणाला लावतो, आणि स्वतःच्या जिवावर कुणाचं प्रेम कमी नसतं. तरी निर्णय त्याच्या एकट्यावर सोपवलेला नाही. रेषेवर उभं राहिल्यावर, गर्दी ओरडत असताना, गेल्या वर्षीच्या हरण्याचा सल मनात असताना कुणाचाच अंदाज शाबूत राहत नाही. माया खरी असते आणि डोळ्यांवर पट्टीही बांधते.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका, टोकन घेऊन लांबून आलेले गाडे, टेम्पोचं भाडं, खेळणी आणि भेळेचे ठेले. एक दिवस पुढे ढकलणं म्हणजे लाखोंचं नुकसान. बर्फावर प्रेक्षक जवळजवळ नसतात, म्हणून त्यांना हे सोपं जातं, हा फरक मान्य करायलाच हवा. पण खर्च बुडतो तो रद्द झाल्यामुळे नव्हे, रद्द होण्याची सोय केली नसल्यामुळे. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही. चाकणच्या अनेक कारखान्यांत जोडणीच्या लाइनवरच्या साध्या कामगारालाही दोरी ओढून किंवा बटण दाबून काम थांबवता येतं. मिनिटाला पैसे जळतात, तरी तो अधिकार काढून घेत नाहीत, कारण चुकीचा भाग पुढे गेला तर त्याहून महाग पडतो. दिवसा ती दोरी वापरणारेच संध्याकाळी घाटावर गाडामालक, टाइमकीपर किंवा प्रेक्षक असतात. शिवाय आता घाटांभोवती गोदामं आणि सोसायट्या आल्यात. वर पोहोचल्यावर बैलांना सुटायला पूर्वीसारखं मोकळं रान उरलं नाही, आणि उधळलेला गाडा गर्दीत शिरला तर त्याला वाट देणारा नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. शर्यतीच्या पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर तारखेखाली दुसरी राखीव तारीखही छापावी. अर्ज करतानाच जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन्ही तारखांची परवानगी मागावी. शर्यतीच्या दिवशी उजाडताच तिघांनी घाट चालून पाहावा: पशुवैद्यक, घाट समितीचा एक माणूस आणि त्या दिवशी ज्याचा गाडा नाही असा एक जुना गाडामालक. आदल्या रात्रीच्या पावसाने घाट निसरडा झालाय का, पायाखाली मोकळे दगड आलेत का, वरची मोकळी जागा पुरेशी आहे का, दुपारचं ऊन बैलांना सोसेल का की सकाळीच गाडे संपवायचे, हे त्यांनी ठरवावं. तिघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी गाडा जुंपायचा नाही. घेतलेलं टोकन आपोआप राखीव तारखेला लागू व्हावं आणि क्रमांकही तोच राहावा, म्हणजे लांबून आलेल्या मालकाला पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागणार नाहीत. आणि त्या तिघांची नावं निवेदकाने सकाळी पहिल्या गाड्याच्या आधी भोंग्यावरून जाहीर करावीत.